ते वाक्य तिथे कशासाठी?

विधानावरून कोणता निष्कर्ष निघतो, विधानामागचे गृहीतक कोणते, दिलेला युक्तिवाद सबळ की दुर्बळ, हे साचे स्पर्धा परीक्षेच्या वाटेला गेलेल्या कुठल्याही मराठी मुलामुलीला तोंडपाठ असतात. या सगळ्यांचा रोख एकच: अमुक धरले तर तमुक ठरते का? अमेरिकेतल्या विधी महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी १९४८ पासून घेतल्या जाणाऱ्या एलसॅट परीक्षेत मात्र एक प्रश्न असा असतो, की काय ठरते याच्याशी त्याला कर्तव्यच नसते. चार-सहा वाक्यांचा उतारा द्यायचा, त्यातले एक वाक्य उचलायचे आणि विचारायचे: या युक्तिवादात हे वाक्य कोणती भूमिका बजावते? वाक्य खरे आहे का, तुम्हाला पटते का, याची चौकशी नाही. ते तिथे कशासाठी आले आहे, तेवढे सांगा.

तर्काच्या परीक्षेतला हा सगळ्यांत देखणा प्रश्न, असे माझे मत आहे. उत्तर शोधण्याआधी तो नीट वाचायला लावतो आणि वाचण्याची ती रीत कवितेच्या रसग्रहणाच्या फार जवळची आहे. कवितेतली ओळ सुटी काढून तिच्या खरेखोटेपणाचा पंचनामा कोणी करत नाही. आधीच्या ओळीचे तिने काय केले, पुढचीला कुठे नेले, हे आपण पाहतो. शाळेत वाक्यपृथक्करण करतानाही हेच चालते. ‘आंबा’ हा शब्द कोशात कर्ता नसतो आणि कर्मही नसतो. आंबा पडला की तो कर्ता, कोणी तो खाल्ला की कर्म. आगरकरांना या कामाचे इतके महत्त्व वाटले, की त्यांनी वाक्यमीमांसेवर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. एलसॅटचा हा प्रश्न एक पायरी वर चढतो. तिथे वाक्यातले शब्द सुटे करायचे नसतात, युक्तिवादातली वाक्ये सुटी करायची असतात.

ऑगस्ट २०२४ पासून एलसॅटमधली प्रसिद्ध कोडी, म्हणजे ‘लॉजिक गेम्स’, काढून टाकण्यात आली. गुण मोजले जाणाऱ्या तीन विभागांपैकी दोन आता तार्किक युक्तिवादाचे आहेत. ३५ मिनिटांत पंचविसाच्या आसपास प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिटही नाही. दीड मिनिटात रसग्रहण उरकायचे हा जुलूमच. आपल्याला तशी घाई नाही. त्या घाटाचा एक उतारा मी मराठीत रचला आहे, तो सावकाश वाचू.

‘उशिरा परत येणाऱ्या पुस्तकांवरचा दंड बंद केला तर वाचक पुस्तके वेळेवर परत करणार नाहीत, असे काही ग्रंथपालांचे म्हणणे आहे. दंडाच्या भीतीने काही वाचक मुदत पाळतात, हे खरेच आहे. तरीही दंड बंद करणेच ग्रंथालयाच्या हिताचे आहे. दंड बराच साचला की पुष्कळ वाचक ग्रंथालयाकडे फिरकेनासे होतात, त्यामुळे एरवी उशिरा का होईना आली असती ती पुस्तके परत येतच नाहीत. म्हणजे पुस्तके परत यावीत म्हणून लावलेला दंडच काही पुस्तके कायमची घालवतो. आणि उशिरा आलेल्या पुस्तकापेक्षा गेलेले पुस्तक ग्रंथालयाला कितीतरी महाग पडते.’

पहिले वाक्य मराठीत खट्याळ झाले आहे. ‘असे काही ग्रंथपालांचे म्हणणे आहे’ हे शेपूट येईपर्यंत आपण ते लेखकाचेच मत समजून वाचत असतो. शेपूट आले की कळते, हा पूर्वपक्ष आहे. आपल्या शास्त्रग्रंथांची ही जुनी पद्धत: आधी प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या तोंडून, शक्य तितके जोरकस मांडायचे, मग उत्तरपक्षाला हात घालायचा. त्या ग्रंथांत पूर्वपक्ष कुठे संपला हे नेहमी ठळकपणे सांगितलेले नसते; म्हणून तर पूर्वपक्षातले वाक्य ग्रंथकाराच्या माथी मारण्याचे प्रमाद पंडितांच्या हातूनही होतात.

पण लेखक या पूर्वपक्षाचे करतो काय? घाईने वाचणारा म्हणेल, खंडन करतो. नीट पाहिले तर सबंध उताऱ्यात ग्रंथपालांचे म्हणणे खोटे आहे असे कुठेही आलेले नाही. उलट दुसऱ्या वाक्यात त्यातला काही भाग लेखक कबूल करून टाकतो. दंड गेला तर पुस्तके उशिरा येतील, येऊ देत बापडी! त्याचा वाद त्या भाकिताशी नाही, त्या भाकितावरून दंड चालू ठेवावा असे जे ठरवले जाते त्याच्याशी आहे. परीक्षेत पहिल्या वाक्याची भूमिका विचारली आणि पर्यायांत ‘युक्तिवाद ज्याचे खंडन करतो ते मत’ असे लिहिलेले असले, तर हुशार मुलेही तिथे फसतात. योग्य उत्तर जरा लांबट असेल: मुख्य निष्कर्षाच्या विरोधात जाणारी, पण लेखकाच्या लेखी कमी वजनाची ठरणारी बाब. खोटे ठरवणे आणि हलके ठरवणे यांतला हा फरक रोजच्या वादात आपण किती वेळा पाळतो, ते आपले आपल्याला ठाऊक.

दुसरे वाक्य मला फार आवडते. ‘हे खरेच आहे’ या शब्दांत एक ऐट आहे. प्रतिपक्षाला काही देऊन टाकणाऱ्या लेखकाचा हात सढळ आहे, कारण पुढे आपल्याजवळ काय आहे हे तो जाणून आहे. न्यायसूत्रांत सिद्धान्ताचे जे चार प्रकार सांगितले आहेत, त्यांतला ‘अभ्युपगम’ हा याचा चुलता म्हणावा असा: समोरच्याचे म्हणणे न तपासता तेवढ्यापुरते धरून चालायचे आणि पुढचे तपासायचे. आपले वाक्य त्याहून एक पाऊल पुढे जाते. इथे ‘क्षणभर धरून चालू’ नाही, ‘खरेच आहे’ आहे. हे वाक्य युक्तिवादातून उचलून टाकले तर निष्कर्षाचा आधार तसूभरही कमी होत नाही. कमी होते ती वाचकाची भीड. ते निष्कर्षाच्या विरुद्ध दिशेला तोंड करून उभे आहे आणि तरीही लेखकाच्या कामी येते आहे. असे वाक्य ओळखता येणे ही या प्रश्नप्रकाराची पहिली कमाई.

तिसरे वाक्य मुख्य निष्कर्ष. तो मधोमध आहे आणि त्याच्यामागे ‘म्हणून’ नाही, ‘तेव्हा’ नाही, आहे ते ‘तरीही’. आपल्या नैयायिकांनी निष्कर्षाची जागा पक्की केली होती. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन असे परार्थानुमानाचे, म्हणजे दुसऱ्याला पटवण्यासाठी केलेल्या अनुमानाचे, पाच अवयव. डोंगरावर विस्तव आहे. कारण धूर दिसतो. जिथे धूर तिथे विस्तव, जसा स्वयंपाकघरात. इथेही तसाच धूर आहे. म्हणून डोंगरावर विस्तव आहे. पहिले आणि पाचवे वाक्य जवळपास अक्षरशः एकच आहे. मग हे पाल्हाळ कशाला, असा आक्षेप जुनाच आहे. मीमांसकांनी तीन अवयवांत भागवले, बौद्ध तार्किकांनी त्याहूनही काटछाट केली. नैयायिक मात्र पाचांवर ठाम राहिले. त्यांचे म्हणणे असे, की प्रतिज्ञेत ते वाक्य अजून सिद्ध व्हायचे असते, निगमनात ते सिद्ध होऊन आलेले असते. शब्द तेच, काम वेगळे. एलसॅटच्या त्या प्रश्नाचा गाभा याहून नेमका कोणी सांगितला असेल असे मला वाटत नाही. भूमिका वाक्याच्या अंगात नसते, त्याच्या नेमणुकीत असते.

नैयायिकाने निष्कर्ष दोन्ही टोकांना ठेवला, कारण त्याला समोरच्याला पटवायचे होते. एलसॅटचा प्रश्नकर्ता तो मध्ये दडवतो, कारण त्याला समोरच्याला पारखायचे असते. दोन व्यवसायांचा हा फरक आहे.

चौथे वाक्य आधारविधान, हे उघड आहे. अकरावी-बारावीला तर्कशास्त्र घेतलेल्यांना हा शब्द आठवेल. पण त्यात एक सापळा आहे. ‘त्यामुळे’ दिसले की शिकवणीत घोटलेले मूल तिथे निष्कर्षाची खूण करते. वाचक फिरकत नाहीत, त्यामुळे पुस्तके येत नाहीत: हा जगातला कार्यकारणभाव झाला. लेखक इथे काही सिद्ध करत नाही, काय घडते ते सांगतो आहे. घटनेचे कारण वेगळे आणि ती घटना घडली असे मानायचे कारण वेगळे. डोंगरावरचा धूर हे विस्तव मानण्याचे कारण आहे. विस्तवाचे कारण तो नव्हे, उलट विस्तवच धुराचे कारण. महाराष्ट्रातल्या परीक्षार्थींच्या ओळखीचा ‘विधान (अ) आणि कारण (र)’ हा प्रकार इथला सख्खा शेजारी आहे. मुंबईची हवा दमट असते, हे विधान. मुंबई महाराष्ट्राची राजधानी आहे, हे कारण. दोन्ही बरोबर, पण दुसरे हे पहिल्याचे अचूक स्पष्टीकरण नाही. तो पर्याय खूण करताना प्रत्येक परीक्षार्थी नकळत भूमिकेचाच प्रश्न सोडवत असतो. फरक इतकाच, की आपल्या प्रश्नपत्रिकेत वाक्याच्या गळ्यात ‘कारण’ अशी पाटी आधीच अडकवलेली असते. एलसॅटमध्ये पाटी तुम्ही लिहायची.

आता पाचवे वाक्य. पुस्तके परत यावीत म्हणून लावलेला दंडच काही पुस्तके कायमची घालवतो. परीक्षेत नेमके हेच वाक्य विचारले जाईल, कारण सगळी गंमत इथे आहे. ते निष्कर्ष आहे का? आहे, चौथ्या वाक्यावरून काढलेले आहे आणि ‘म्हणजे’ने ते कबूलही केले आहे. मग आधार आहे का? तोही आहे, दंड का बंद करावा, याला ते पाठबळ देते. मागे पाहिले तर निष्कर्ष, पुढे पाहिले तर आधार. याला मधला निष्कर्ष म्हणू. ओळखण्याची खात्रीची युक्ती अशी, की दोन विधानांमध्ये ‘म्हणून’ घालून पाहायचे आणि मग उलटवून पाहायचे. ‘दंडच पुस्तके घालवतो, म्हणून दंड बंद करणे हिताचे’ हे कानाला पटते. ‘दंड बंद करणे हिताचे, म्हणून दंडच पुस्तके घालवतो’ हे म्हणताना जीभच अडखळते. ज्या दिशेने जीभ अडखळत नाही ती युक्तिवादाची दिशा.

शिवाय या वाक्यात एक उपरोध आहे. ‘दंडच’ मधल्या ‘च’ने उपाय आणि अपाय एकाच जागी आणून बसवले. उताऱ्यातले सगळ्यांत जोरकस, सगळ्यांत टाळीचे वाक्य हेच आहे, आणि म्हणूनच तो मुख्य निष्कर्ष असावा असे वाटते. वाटू द्यावे असाच प्रश्नकर्त्याचा बेत असतो. वाक्याचा आवाज मोठा असला म्हणून त्याचा हुद्दा मोठा होत नाही. या उताऱ्यात खरा निष्कर्ष त्या मानाने मिळमिळीत आहे: ‘ग्रंथालयाच्या हिताचे आहे’, सरकारी टिपणीतला सूर.

या वाक्यासाठी पाच पर्याय समजा असे दिले. अ, हा युक्तिवादाचा मुख्य निष्कर्ष आहे. आ, हे मुख्य निष्कर्षाला आधार देते, पण त्याला स्वतःला कशाचाही आधार दिलेला नाही. इ, हे दुसऱ्या एका विधानावरून काढलेले असून मुख्य निष्कर्षाला आधार देते. ई, ग्रंथपालांचे मत खोटे ठरवणारे हे एक उदाहरण आहे. उ, हे निष्कर्षाच्या विरोधात जाते, तरी लेखक ते मान्य करतो. उत्तर ‘इ’, हे आता सांगायला नको. पाहण्यासारखे आहेत ते चुकीचे पर्याय. अ हा तिसऱ्या वाक्याचे वर्णन करतो. आ हा चौथ्याला आणि सहाव्याला लागू पडतो. उ तर दुसऱ्या वाक्याच्या मापानेच शिवला आहे. म्हणजे शिंप्याने कपडे सगळे नीट बेतले, फक्त भलत्याच्या अंगावर चढवले. बनावट आहे तो एकटा ई. विचारांती रचलेल्या प्रश्नपत्रिकेत चुकीचे उत्तर चुकीचे का आहे याचेही उत्तर असते, आणि ते शोधण्यात खऱ्या उत्तराहून जास्त मजा येते.

पर्यायांची भाषा कोरडी, अमूर्त असते. त्यांत ग्रंथालय नाही, दंड नाही, वाचक नाहीत. उतारा कळूनही मुले पडतात ती इथे. व्यवस्थापन शाखेच्या प्रवेशासाठी पुण्या-मुंबईतून अनेक जण जीमॅट देतात, तिच्यात हा कोरडेपणा दुप्पट होतो. तिथे उताऱ्यातली दोन वाक्ये ठळक छापतात आणि प्रत्येक पर्याय ‘पहिले अमुक आहे, दुसरे तमुक आहे’ अशा जोडीने येतो. पहिला अर्धा बिनचूक आणि दुसऱ्या अर्ध्यात एकच शब्द चुकवलेला, असे पर्याय तिथे हमखास असतात. ती कारागिरी मान्य, पण मला ती जरा कवायती वाटते. रसिकतेपेक्षा सावधपणाची परीक्षा.

सहावे वाक्य पाठीमागून, ‘आणि’चा हात धरून येते. त्याच्याशिवाय पाचवे वाक्य लंगडे आहे. दंडाने काही पुस्तके जातात, ठीक. पण त्याच दंडाने बाकीची वेळेवर येत असतील तर सौदा वाईट कसा? तोलायला तराजू हवा, तो सहावे वाक्य पुरवते. स्टीफन टूलमिन या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९५८ मध्ये आपल्या ‘द युजेस ऑफ आर्ग्युमेंट’ या पुस्तकात युक्तिवादाचे सहा घटक वेगळे काढले. त्यात दावा आणि माहिती यांच्याखेरीज, माहितीवरून दाव्याकडे जाण्याचा परवाना देणारा एक घटक आहे. चौथे वाक्य माहिती, सहावे हे त्या परवान्याच्या जवळचे. एलसॅटच्या शब्दसंग्रहात मात्र दोघेही सरसकट आधारविधाने. इतक्या बारकाईने भूमिका विचारणाऱ्या परीक्षेने एवढा मोठा फरक एका खान्यात कोंबावा, हे मला खटकते. नैयायिकांनी हेतू आणि उदाहरण यांना निदान वेगळी घरे दिली होती.

हा युक्तिवाद चांगला आहे का? ‘पुष्कळ वाचक’ म्हणजे किती आणि ‘काही पुस्तके’ म्हणजे किती, याचा पत्ता नाही. दंडामुळे वेळेवर येणारी हजार पुस्तके आणि दंडामुळे बुडणारी दहा, असा हिशोब निघाला तर सगळा डोलारा कोसळेल. हा आक्षेप रास्त आहे, पण भूमिकेच्या प्रश्नात त्याला जागा नाही. मत पटले नाही म्हणून त्याची रचना चुकीची सांगायची मुभा नाही, आणि पटले म्हणून त्यातली कबुली गाळायचीही नाही. संध्याकाळच्या वाहिन्यांवरच्या चर्चेत एखाद्या नेत्याच्या भाषणातले ‘हे खरेच आहे’वाले वाक्य कापून तेच त्याचे मत म्हणून फिरवतात, तेव्हा चोरी वाक्याची झालेली नसते. वाक्य तर जसेच्या तसे असते. चोरी झालेली असते भूमिकेची.

ही परीक्षा वकिली शिकू पाहणाऱ्यांसाठी आहे, हेही इथे ध्यानात येते. निकालपत्रात न्यायाधीश दोन्ही बाजूंचे म्हणणे नोंदवतात, त्यातले काही तात्पुरते मान्य करतात, काही जाता जाता बोलून जातात आणि थोड्याच वाक्यांत निर्णय ज्यावर उभा असतो त्या आधाराला हात घालतात. तो आधार म्हणजे ‘रेशो’, बाकीचे जाता जाता बोललेले ते ‘ऑबिटर’. आपल्या राज्यघटनेच्या १४१व्या अनुच्छेदानुसार सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा देशातल्या सर्व न्यायालयांवर बंधनकारक आहे. पण निकालातले प्रत्येक वाक्य म्हणजे घोषित केलेला कायदा नव्हे. प्रतिपक्षाच्या वकिलाचे नोंदवलेले म्हणणे न्यायालयाचे मत म्हणून पुढे केले, तर वाक्य, परिच्छेद आणि पान सगळे बरोबर असूनही दाखला खोटा ठरतो. अशा ठिकाणी शब्दकोश किंवा पाठांतर कामाला येत नाही.

आता उताऱ्यात एक सातवे वाक्य जोडून पाहा: ‘तेव्हा येत्या वार्षिक सभेत सभासदांनी दंड रद्द करण्याच्या ठरावाला मत द्यावे.’ आधीच्या सहा वाक्यांतला काना-मात्रा हललेला नाही. पण ‘दंड बंद करणेच ग्रंथालयाच्या हिताचे आहे’ हे तिसरे वाक्य आता मुख्य निष्कर्ष राहिले नाही. मागून आधार घेणारा आणि पुढे आधार देणारा तो आणखी एक मधला निष्कर्ष झाला. पाचव्या वाक्याचा हुद्दा तोच राहिला, फक्त मुख्य निष्कर्षापासून ते एक पायरी लांब गेले. कबुली कबुलीच राहिली. आणि ग्रंथपालांचे म्हणणे, जे पहिल्यापासून कोणीच खोडले नव्हते, ते आताही कोणी खोडलेले नाही.